डावीकडचं शून्य आणि नऊ अंत्य

सकाळी सव्वासातला फोन म्हणजे एकतर कुणीतरी गेलं किंवा अण्णा. अण्णाच होते. अण्णा एका दूध संस्थेचे सचिव, त्यांना बिलिंगचं सॉफ्टवेअर मी करून दिलंय, संस्थेचं नाव सांगत बसत नाही. "सर, घोळ झालाय. बिलं जमा नाहीत म्हणून माणसं डेअरीत येऊन बसल्यात. आणि सगळ्यांचं नाही बघा, काहींचं आलंय, काहींचं नाही. तुमच्या सॉफ्टवेअरनं कायतरी केलंय."

आमच्या भागात दुधाचं बिल दर दहा दिवसांनी होतं, आणि ते एक दिवस जरी लांबलं तरी पेंडीवाल्यापासून पोराच्या फीपर्यंत सगळं अडतं, त्यामुळे मी चहा तसाच ठेवून गाडी काढली.

बँकेकडून परत आलेली यादी अण्णांनी प्रिंट काढून ठेवली होती. ४३ नावं. खाते नंबर चुकीचा, खातं सापडत नाही, असा शेरा. मी नावं बघतोय, गावं बघतोय, रकमा बघतोय, काही सूत्र लागेना. मग बोट ठेवून फक्त खाते नंबरांचा कॉलम वाचत खाली गेलो आणि जे दिसलं ते बघून पोटात गोळाच आला. बहुतेक सगळे नंबर सोळा आकडी आणि प्रत्येकाचा शेवटचा आकडा शून्य. शून्य, शून्य, शून्य, खालपर्यंत शून्य. राहिलेले पाच-सहा होते ते उलटे, ते लांडे होते, बारा आकडी पाहिजेत तिथं नऊच.

मी क्लार्कला विचारलं, फाइल सॉफ्टवेअरमधून काढलीस ती तशीच बँकेत अपलोड केलीस ना? तो म्हणाला हो सर, फक्त दोन नावं डबल आलेली ती एक्सेलमध्ये उघडून काढली आणि सेव्ह केली. आणि नंबर नीट दिसत नव्हते, ते पाच पॉइंट काहीतरी ई प्लस पंधरा असं यायलं होतं, मग मी कॉलम सिलेक्ट करून नंबर फॉरमॅट दिला, दोन पॉइंट येत होते ते काढले, मग नीट दिसायला लागले.

नीट दिसायला लागले! हेच तर सगळं दुखणं आहे. बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं, कुणीही हेच केलं असतं.

झालं काय ते सांगतो. सीएसव्ही फाइल म्हणजे नुसता मजकूर, स्वल्पविरामांनी तोडलेला. त्यात कुठं लिहिलेलं नसतं की हा कॉलम रकमेचा आणि हा खाते नंबरचा. एक्सेल डबल क्लिकवर ती उघडताना स्वतःच ठरवतं की हे आकडे दिसतायत म्हणजे ही संख्या. संख्या म्हटली की पुढची, म्हणजे डावीकडची, शून्यं उडाली, कारण संख्येत त्यांना अर्थ नाही. आणि संख्या म्हटली की एक्सेल पंधराच आकडे जपतं, सोळाव्या जागेवर शून्य बसवतं. अठरा आकडी असेल तर शेवटचे तीन गेले. बारा आकडे किंवा जास्त असले की साध्या सेलमध्ये ते ई प्लस वाल्या रूपात दाखवतं, हे निदान डोळ्याला खुपतं तरी, पण मग माणूस फॉरमॅट बदलतो आणि आता पूर्ण सोळा आकडे दिसतात, छान, भरलेले, आणि चुकीचे.

आणि त्याच बँकेतल्या काहींचं बिल आलं होतं त्याचं कारण कळल्यावर मला हसू आलं. ज्यांच्या खाते नंबरचा शेवटचा आकडा मुळातच शून्य होता त्यांचे नंबर बरोबर राहिले होते! साधारण दहातला एक माणूस असा निघणार. म्हणून अण्णांना वाटलं की सॉफ्टवेअर माणसं बघून पैसे देतंय. संचालक मंडळात दोन गट आहेत, त्यामुळे हा विषय किती पेटला असता ते तुम्हीच समजून घ्या.

एक बरं झालं की सगळे पैसे परत आले. एनईएफटीमध्ये रक्कम खाते नंबर बघून जमा होते, नाव जुळवून नाही. त्या शून्यवाल्या नंबरांपैकी एखादा खरंच दुसऱ्या कुणाचा असता तर ते निस्तरायला मला दिवाळीपर्यंत बँकेच्या पायऱ्या झिजवायला लागल्या असत्या.

आता सगळं क्लार्कवर किंवा एक्सेलवर ढकलून मोकळं व्हायला मला आवडलं असतं, पण परत येऊन माझा डेटाबेस उघडला तर त्या लांड्या नंबरांपैकी दोन माझ्याकडेच लांडे होते. पहिल्या व्हर्जनमध्ये मी खाते नंबरचा कॉलम मोठ्या पूर्णांकाचा केला होता, नंतर बदलला, पण बदलताना जुने रेकॉर्ड तसेच राहिले, आणि गेलेलं शून्य परत येत नाही. बारा आकड्यांचा नंबर नऊ आकडी झाला तर पुढं तीन शून्यं लावू असं म्हणता येतं, पण मुळात तो बाराच आकडी होता हे कोण सांगणार? प्रत्येक बँकेची लांबी वेगळी, कुणाचा अकरा, कुणाचा चौदा, कुणाचा पंधरा. पासबुक मागवून बघितलं तेव्हा सुटलं.

लहानपणी आजी आम्हाला एकं दहं शतं म्हणून घ्यायची. एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात दिलेली नावं जवळपास हीच, घरोघरी थोडा फरक असतो. अठरा जागा. परवा रात्री हे बसून मोजलं आणि मजाच वाटली. एक्सेलचे पंधरा आकडे म्हणजे बरोबर जलधीपर्यंत. जलधी म्हणजे समुद्र, पुढचं सगळं बुडालं. आणि जावास्क्रिप्टमध्ये (ब्राउझरमध्ये चालणारी प्रोग्रॅमिंगची भाषा) पूर्णांक खात्रीने जिथपर्यंत धरता येतो ती हद्द आहे ९००७१९९२५४७४०९९१, सोळा आकडी, म्हणजे नऊ अंत्य आणि वर थोडं. अंत्य! नाव ठेवणाऱ्याला काय माहीत की पुढं कुणीतरी याच जागी खरंच शेवट करणार आहे.

ही हद्द कुठून आली? जावास्क्रिप्टची नेहमीची संख्या ही ६४ बिटांची फ्लोटिंग पॉइंट संख्या (अपूर्णांकही धरणारी) असते, ज्याला डबल म्हणतात. ६४ पैकी एक बिट चिन्हाला, अकरा बिट घातांकाला, आणि उरलेले ५२ अधिक एक न लिहिता गृहीत धरलेला, असे ५३ बिट खऱ्या आकड्यांना मिळतात. दोनाचा त्रेपन्नावा घात म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२. इथपर्यंत प्रत्येक पूर्णांकाला स्वतःची जागा आहे. ही आपली साधी एसटी समजा, प्रत्येक थांब्यावर थांबते. त्याच्या पुढं गेलं की गाडी जलद होते, एक सोडून एक थांबा, म्हणजे फक्त सम संख्या. आणखी दुप्पट गेलं की चाराचाराने. परार्धाच्या आसपास सोळा-सोळाच्या उड्या. मधल्या थांब्याचा पॅसेंजर जवळच्या थांब्यावर उतरवला जातो, कंडक्टर एक शब्द बोलत नाही.

हे बघायचं असेल तर ब्राउझरच्या कन्सोलमध्ये ९००७१९९२५४७४०९९३ असं इंग्रजी आकड्यात टाईप करा आणि एंटर दाबा. शेवटी तीनच्या जागी दोन येतो. एरर नाही, वॉर्निंग नाही. मी हे एकदा एका मित्राला दाखवलं तर तो म्हणाला तुझा कीबोर्ड खराब आहे.

ट्विटरवाले याच खड्ड्यात आले होते. त्यांचे ट्वीटचे नंबर ५३ बिटांच्या पुढं जायला लागल्यावर त्यांनी प्रत्येक नंबर दोनदा पाठवायला सुरुवात केली, एकदा संख्या म्हणून आणि एकदा त्याच्याच नावाला एसटीआर जोडून स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर म्हणून, आणि डेव्हलपरांना सांगितलं की दुसराच वापरा. मला हे वाचून माहीत होतं आणि तरीही मी स्वतः एकदा गाळात गेलो. सर्व्हर जावामध्ये (ही जावास्क्रिप्टहून वेगळी भाषा), तिथं लॉंग म्हणजे ६४ बिटांचा अस्सल पूर्णांक, बाण्णव परार्धांपर्यंत आरामात जातो. पावतीचा नंबर अठरा आकडी. सर्व्हरच्या लॉगमध्ये नंबर बरोबर, जेसनमध्ये (सर्व्हर ब्राउझरला माहिती ज्या मजकुराच्या रूपात पाठवतो त्यात) बरोबर, आणि स्क्रीनवर पावतीवर क्लिक केलं की "पावती सापडली नाही". दोन दिवस मी सर्व्हरलाच शिव्या घालत होतो. नंबर वाटेत ब्राउझरने जेसन वाचताना गोल केला होता. दोन्ही टोकं खरं बोलत होती.

जावास्क्रिप्टमध्ये २०२० पासून बिगइंट अधिकृत आहे, आकड्याच्या मागं एन लावला की कितीही मोठी संख्या धरतो. पण त्याचं साध्या संख्येशी जमत नाही, दोघांची थेट बेरीज करायला गेलात तर एरर, आणि जेसनमध्ये टाकायला गेलात तरी एरर. मला हा तापटपणा आवडतो, खरं सांगायचं तर. गुपचूप चुकण्यापेक्षा तोंडावर नाही म्हणणारा बरा.

गुपचूप चुकण्याचा माझा पहिला अनुभव याहून जुना. नोकरीतलं पहिलं वर्ष, पुण्यात, एका क्लासचं अॅडमिशन सॉफ्टवेअर. मोबाइल नंबरचा कॉलम मी इंट, म्हणजे पूर्णांकाचा केला, कारण नंबर म्हणजे इंट, एवढीच अक्कल. ३२ बिटांचा इंट २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ ला संपतो आणि आपले मोबाइल नंबर सुरूच होतात सहाशे कोटींपासून. डेटाबेस मायएसक्यूएलचा, आणि त्या काळची मायएसक्यूएल भिडस्त होती, बसत नाही असं सांगायची नाही, जास्तीत जास्त जे बसेल ते ठेवायची. तिसऱ्या दिवशी क्लासवाले सर म्हणाले, अरे तुझ्या सिस्टीममध्ये सगळ्या पोरांचा मोबाइल नंबर एकच कसा? सगळ्या पोरांसमोर २१४७४८३६४७. आणि सरांनी त्यावर फोन लावून पण बघितला होता म्हणे! (२१४ हा अमेरिकेतल्या डॅलसचा एरिया कोड आहे. पुण्यातनं नुसता तो नंबर फिरवून कुठं लागत नाही हे नशीब.) आताच्या मायएसक्यूएलमध्ये मूळ सेटिंगलाच एरर येते.

शून्याकडे परत येतो. शाळेत गुरुजींनी शिकवलं, उजवीकडच्या शून्याला किंमत, डावीकडच्याला नाही. माझ्या मते आपल्याकडच्या डेव्हलपरांच्या डोक्यात हे जरा जास्तच घट्ट बसतं कारण आपला पिनकोड शून्याने सुरूच होत नाही. महाराष्ट्राचे ४० ते ४४, गोवा ४०३, इंट करून टाका, आयुष्यभर चालेल. आधारचे बारा आकडे पण शून्याने सुरू होत नाहीत. त्यामुळे सवय लागते. मग तोच माणूस अमेरिकन क्लायंटचं काम घेतो आणि न्यू जर्सीतल्या एडिसनचा, जिथं निम्मी गल्ली आपलीच, ०८८२० हा झिप (तिकडचा पिनकोड) लेबलवर ८८२० छापून येतो.

आणि प्रोग्रॅमिंगच्या काही भाषांमध्ये तर डावीकडच्या शून्याला चांगलीच किंमत आहे, ती पण भलतीच. सी मध्ये ०१० लिहिलं तर ते दहा नाही, आठ. पुढं शून्य म्हणजे अष्टमान पद्धत, जिथं आकडे ० ते ७ च. ही जुनी खोड पुढं बऱ्याच ठिकाणी गेली. जावास्क्रिप्टमध्ये पूर्वी पार्सइंटला (मजकुरातून पूर्णांक काढणारं फंक्शन) "०८" दिलं की काही ब्राउझर शून्य द्यायचे, कारण अष्टमानात ८ नाही म्हणून वाचणं तिथंच थांबलं. २००९ च्या स्टँडर्डमध्ये ते बंद झालं. पायथन ३ तर असा आकडा कोडमध्ये लिहूच देत नाही, सरळ सिंटॅक्स एरर.

बॅश (लिनक्सवर कमांड आणि स्क्रिप्ट चालवणारं) मात्र अजून तसंच आहे, आणि त्याची गंमत म्हणजे ते कॅलेंडर बघून चुकतं. माझी एक बॅकअपची स्क्रिप्ट होती, तारखेतून महिना काढून त्यातून एक वजा करून मागच्या महिन्याचं फोल्डर शोधायची. जानेवारी ते जुलै मस्त चालली, कारण ०१ ते ०७ अष्टमानातही तेच. १ ऑगस्टला पडली. मी बघायला बसलो, काही कळलं नाही, हाताने बॅकअप घेतला. सप्टेंबरला परत पडली. ऑक्टोबरला आपोआप बरी झाली! १० च्या पुढं शून्य नाही ना. मी समजलो सर्व्हरवाल्यांनी काहीतरी दुरुस्त केलं. पुढच्या ऑगस्टला परत पडली तेव्हा कुठं मी एररचा मेसेज नीट वाचला, की ०८ ही व्हॅल्यू या बेससाठी मोठी आहे. आकड्याच्या आधी १० आणि हॅश लावलं की बॅश तो दशमान समजतं, एवढाच उपाय. वर्षभर गणपतीच्या तोंडावर आजारी पडणारी स्क्रिप्ट मी नशिबाच्या नावावर खपवत होतो.

दूध संस्थेच्या त्या प्रकारानंतर मी स्वतःला एक नियम घालून घेतला होता की ज्याची कधी बेरीज-वजाबाकी करायची नाही ती संख्याच नाही, ते आकड्यात लिहिलेलं नाव आहे. खाते नंबर, सभासद नंबर, फोन, पावती, सगळं स्ट्रिंग. दोन खाते नंबरांची सरासरी काढून कुणाला काय मिळणार आहे? आयएफएससीमध्ये तर बरं आहे, पहिली चार अक्षरं आहेत म्हणून पाचव्या जागचं शून्य सुखरूप राहतं (फक्त लोक तिथं इंग्रजी ओ टाकतात, तो वेगळा ताप). नियम करून मी खूश होतो.

मग मे महिन्यात पुतणी आली सुट्टीला. आठवीत आहे, पायथन शिकतेय. तिला कुणीतरी कापरेकरांचा ६१७४ सांगितला होता. द. रा. कापरेकर, देवळालीचे शाळामास्तर, त्यांनी १९४९ मध्ये शोधलेला हा अंक. कुठलीही चार आकडी संख्या घ्या, चारही आकडे सारखे नकोत, आकडे उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातून लहान वजा करा, उत्तरावर परत तेच करा, जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येणार आणि मग तिथंच राहणार. पोरीने प्रोग्रॅम लिहिला, तिच्या जन्मसालापासून सुरू करून पाच-सहा संख्या टाकल्या, बरोबर आलं. मग टाकला २१११. उत्तर शून्य. आणि मला विचारते, "काका, कापरेकर चुकले का?"

मी म्हटलं बस, कागदावर कर. २१११ वजा १११२, ९९९. तिच्या प्रोग्रॅमने ९९९ घेतला, उतरता ९९९, चढता ९९९, वजाबाकी शून्य, खेळ खलास. पण कापरेकरांचा खेळ चार घरांचा आहे, तिथं ते ०९९९ आहे. उतरता ९९९०, चढता ०९९९, वजाबाकी ८९९१. मग ९९८१ वजा १८९९, ८०८२. मग ८८२० वजा ०२८८, ८५३२. मग ८५३२ वजा २३५८, आणि ६१७४. पायथनमध्ये स्ट्रिंगला झेडफिल म्हणून फंक्शन आहे, चार सांगितलं की पुढं शून्यं भरून चार घरं करून देतं. एका शब्दात काम झालं.

पण माझ्या नियमाचं काय झालं बघा. इथं वजाबाकी करायची आहे, म्हणजे संख्या पाहिजे, आणि डावीकडचं शून्य पण सांभाळायचं आहे, म्हणजे स्ट्रिंग पाहिजे. प्रत्येक फेरीत इकडून तिकडं उडी. किती घरं आहेत ही माहिती संख्येच्या आत कुठंच नसते, ती बाहेर वेगळी ठेवावी लागते, हे मला एका देवळालीच्या मास्तरांनी आणि आठवीतल्या पोरीने शिकवलं, वीस वर्षं कोड लिहिल्यावर. बँकेच्या लांड्या नंबरांनाही हेच पाहिजे होतं, बँकेच्या नावासोबत लांबीचा एक कॉलम. तो मी आता टाकलाय.

पोरीने नंतर पाच आकडी करून बघितलं. तिथं एक उत्तर येत नाही, काही संख्या तर ५९९९४ आणि ५३९५५ या दोघांमध्येच फिरत राहतात, एकातून दुसरा, दुसऱ्यातून पहिला. ती स्क्रीनकडे बघत बसली होती, जेवायला दोन हाका मारल्या तेव्हा उठली. संध्याकाळी तिने २००० चं फॅक्टोरियल, म्हणजे १ ते २००० सगळ्यांचा गुणाकार, छापायला सांगितलं आणि पायथनने नकार दिला, तेव्हा पुन्हा "काका!" पायथनचा पूर्णांक मेमरी असेल तेवढा वाढतो, पण संख्येची स्ट्रिंग करताना ४३०० आकड्यांची मर्यादा २०२२ पासून घातलीय, कारण मोठ्या संख्येचं असं रूपांतर करायला इतका वेळ लागतो की कुणी मुद्दाम लांबलचक आकडा पाठवून सर्व्हर लटकवू शकतो. २००० च्या फॅक्टोरियलला ५७३६ आकडे आहेत. मर्यादा वाढवता येते, वाढवून दिली, स्क्रीन भरून आकडे आले, शेवटी शून्यंच शून्यं. ती उजवीकडची, किंमत असलेली.

अण्णांच्या संस्थेला मी आता सीएसव्ही देतच नाही. थेट एक्सेलची फाइल बनवून देतो, खाते नंबरचा कॉलम आधीच टेक्स्ट केलेला, त्यामुळे उघडा, दोन नावं काढा, सेव्ह करा, काही होत नाही. बँकेला जी फाइल लागते ती त्यातून माझंच सॉफ्टवेअर काढतं. २०२३ पासून एक्सेलमध्ये हे आपोआप संख्या करणं बंद करायचं सेटिंगही आलंय, पण डेअरीतल्या कॉम्प्युटरवरचं एक्सेल कुठल्या सालचं आहे ते विचारायची माझी हिंमत नाही.

पहिल्यांदा नवी फाइल दिली त्या दिवशी दुपारी अण्णांचा फोन.

"सर, फाइल उघडली. नंबर सगळे बरोबर दिसत्यात, पासबुकाशी ताडून बघितले."

"वा. मग करा अपलोड."

"ते करतोच. पण सर, त्या खाते नंबराच्या कॉलमला प्रत्येक घराच्या कोपऱ्यात एक बारका हिरवा त्रिकोण आलाय. त्याच्यावर गेलं की पिवळं चिन्ह येतंय. त्यात कन्व्हर्ट टू नंबर म्हणून आहे. पोरगं म्हणतंय एका क्लिकमध्ये सगळं हिरवं जातंय. करू का?"

"अण्णा, पोराला माउसवरचा हात काढायला सांगा. मी आलोच."